बँकेत घासाघीस

नव्वदच्या दशकात कंपनीने मला कामासाठी सिंगापूरला पाठवलं. तिथे मी क्रेडिट कार्डावर कॅमेरा घेतला. बदलापूरला बिल आलं, तर बँकेने डॉलरचा भाव पेपरातल्यापेक्षा चढा लावलेला आणि वर परदेशी खर्चाची वेगळी फी! माझं डोकंच फिरलं. आईचं अर्धं आयुष्य उल्हासनगरच्या बाजारात घासाघीस करण्यात गेलेलं. ती मला घेऊन थेट बँकेत गेली. काउंटरवरचं पेन उचलून तिने बिलावरची फी खोडली, शेजारी निम्मी लिहिली आणि "परवडत असेल तर सांगा," म्हणत दाराकडे वळली. पाठ फिरवली की दुकानदार हाक मारतोच, हा तिचा अनुभव.

दारापाशी खरंच हाक आली. आईने ऐटीत माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, आमचं पेन!"