जन्मठेप म्हणजे किती वर्षं

शिक्षेवर बोलायला मी उभी राहिले तेव्हा अमरावतीच्या त्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. गुन्हा आदल्या दिवशीच शाबित झाला होता. आता फाशी की जन्मठेप, एवढंच ठरायचं होतं. बाहेर रस्त्यावर लोक 'फाशी द्या'चे फलक घेऊन बसले होते.

प्रकरण सरळ होतं. धामणगाव रोडच्या नाक्यावर हवालदार प्रकाशनं चोरीच्या वाळूचा ट्रॅक्टर अडवला. चालक संजयनं त्याला धडक दिली आणि रिव्हर्स घेऊन पुन्हा अंगावर घातला. दोन साक्षीदारांनी पाहिलं. प्रकाश जागीच गेला. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी बाजार बंद होता. शाळांनीही सुट्टी दिली.

संजयचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं. मग लीगल एडमधून, म्हणजे सरकार देतं त्या मोफत वकिलाच्या यादीतून, माझं नाव निघालं. त्या दिवसापासून माझी नेहमीची भाजीवाली मला पाहिलं की पाटी उचलून दुसरीकडे बसायची. प्रकाश तिच्या जातगोतातला होता.

मी वीस मिनिटं बोलले. वय चोवीस, आधीचा गुन्हा नाही, घरी लहान मूल. संजयला जज्जसाहेबांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय?" तो म्हणाला, "नाई साहेब." मी त्याला माफी मागायला तयार केलं होतं.

दुपारी निकाल आला. जन्मठेप. बाहेर आरडाओरड झाली. सरकारी वकील टीव्हीवाल्यांना सामोरे गेले. मी फायली आवरत होते. तेवढ्यात प्रकाशचे वडील माझ्या टेबलाशी आले. शेवंती-झेंडू पिकवणारा माणूस, बोटांच्या फटीत अजून माती. मला वाटलं, आता शिव्या देतील.

"बाई, जनमठेप म्हंजे किती वर्सं?"

"तुम्ही सरकारी वकिलांना विचारा ना, काका."

"इचारलं. ते म्हणे, आता तो कधीच भाईर येत नाई. खरं हाये का?"

मी त्यांच्या विरुद्ध बाजूची वकील. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

"जन्मठेप मरेपर्यंतच असते," मी म्हणाले. "पण चौदा वर्षांनंतर सरकार सुटकेचा विचार करू शकतं. करेलच असं नाही."

"म्हंजे येऊ शकते."

"येऊ शकतो. आधी नागपूरला हायकोर्टात अपीलही होईल."

ते बाकावर टेकले. "माहा नातू, प्रकाशचा पोरगा, सात वर्साचा हाये. त्याले काय सांगू?"

मी हातातल्या फायली बाजूला ठेवल्या. त्यांनी विचारलं, "तुमी कावून सांगतलं मले हे?"

"तुम्ही विचारलं म्हणून."

त्यांनी खिशातून झेंडूच्या बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं आणि पुढे केलं. "केसचा नंबर लिहून द्या. अपील लागलं का मी जाईन. तिकडं आमच्या बाजूनं बसाले कोनी पाहिजे."

मी नंबर लिहून दिला.

अपील अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला ते नागपूरला जातात, असं संजयचा तिथला वकील सांगतो. मी तेव्हापासून निकालानंतर फायली लगेच आवरत नाही. समोरच्या बाजूच्या कोणाचं काही विचारायचं राहिलंय का, ते पाहून घेते. बहुतेक वेळा राहिलेलं असतं.