बारानंतरचं जेवण

माझ्या पोटावर नऊ भोकं आहेत. पाच पहिल्या ऑपरेशनची, चार दुसऱ्याची. आता सगळी बुजली आहेत, बोट फिरवलं तर बारीक गाठी लागतात एवढंच. पहिल्या पाचांबद्दल मी सहा महिने खोटं बोलले आणि त्या खोट्यापायीच पुढची चार पडली. आज हे सरळ सांगता येतं. तेव्हा येत नव्हतं, आणि तेव्हा माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

मी पिंपळगाव राजाजवळच्या एका शाळेत शिकवते. वजन होतं एकशे सोळा किलो. पहिलीतली पोरं फळ्याकडे जाताना मला वळसा घालून जायची. नवऱ्याच्या गाडीवर बसले की तो आधी मागच्या चाकातली हवा बघायचा, आणि बघितलं नाही असं दाखवायचा. गुडघे गेले होते, जिना चढताना धाप लागायची. चालणं झालं, गरम पाणी झालं, जवसाची पूड झाली. शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत संभाजीनगरला जाऊन जठर लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते, मग माणूस चार घासांत भरतो. घरी सांगितलं की मामेबहिणीकडे चालले, तिथं एक शिबिर आहे. खरं फक्त नवऱ्याला माहीत होतं.

लपवायचं कारण म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही शेजारी शेजारी राहतो, मधे एक भिंत आणि अंगण एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला साधं वरणही धड येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. मी त्यांना बाई म्हणते. अंगानं त्या माझ्यासारख्याच, वर शुगर. खामगावच्या एका ओळखीच्या बाईनं हेच ऑपरेशन केल्याचं कळलं, तेव्हा बाई अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की तोंडाले कुलूप लावता येत नाही म्हणून पोट कापून घेतलं, काय म्हणावं अशा बाईले. सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. तेव्हा माझी तारीख ठरलेली होती.

जूनमध्ये परत आले तर पहिला प्रश्न जेवणाचा. आमच्याकडे वाढताना नको म्हटलेलं कोणी ऐकत नाही. 'घे वं, एवढ्यानं काय होते,' म्हणत भाकर ताटात पडतेच, आणि परत केली तर वाढणारीचा चेहरा पडतो. बाई तर त्यात एक नंबर. मी कधी पदराआड घेऊन गाईला घातली, कधी दाढ दुखते म्हटलं. असं किती दिवस चालणार?

वर्षावासानं मला वाचवलं, असं मला तेव्हा वाटलं. आम्ही बौद्ध. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं. पौर्णिमेला बाया पांढरं नेसून अष्टशील घेतात, त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही. मी जाहीर करून टाकलं की मी तिन्ही महिने, रोज पाळणार. बाया चकित. आग्रह एका झटक्यात बंद. त्याच आठ शीलांत चौथं आहे, खोटं बोलणार नाही. तेही मी हात जोडून, डोळे मिटून म्हणत होते. मास्तरीण असल्यामुळे माझा आवाज सगळ्यांच्या वर.

वजन भराभरा उतरलं. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिलाईला जागा उरली नाही. विहारात बाया विचारायला लागल्या, कसं केलं, काय खाते. मी म्हणायची, काही नाही, मन साफ ठेवायचं आणि बारानंतर खायचं नाही. मला ते बोलणं गोड लागायला लागलं, हे कबूल करते. आयुष्यभर जिच्या बसण्यानं बाक वाजायचा तिला बाया आता जवळ बसवून ऐकत होत्या. आणि रोज चारच्या सुमारास शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यांमागे लपवलेल्या डब्यातलं प्रोटीनचं पीठ मी पाण्यात कालवून घटाघटा पीत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं, दर दोन तासांनी थोडं थोडं पोटात गेलंच पाहिजे.

श्रावणात बाईंनी बारानंतर जेवण बंद केलं. त्यांच्यामागून आणखी दोघींनी. बाईंच्या शुगरच्या गोळ्या सुरू होत्या. मी म्हटलं, बाई, तुमचं वेगळं आहे, तुम्ही नका करू. त्या म्हणाल्या, तुले जमते तर मले काऊन नाही जमत? सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी अंगणात येरझाऱ्या घालून परत घरात जायची. नवरा म्हणायचा, बाईले सांग, कोणी फासावर देत नाही. मी त्याच्यावरच खेकसायची.

त्यात गोळ्यांचं झालं. वजन फार वेगानं उतरलं की पित्ताशयात खडे धरतात, म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सहा महिने घ्यायला गोळ्या दिल्या होत्या. त्या मी तांदळाच्या डब्यात ठेवायची. एक दिवस बाई माझ्या घरी तांदूळ निवडायला बसल्या आणि पाकीट त्यांच्या हाती लागलं. कायच्या गोळ्या हायेत, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून गेलं, कॅल्शियमच्या. त्या म्हणाल्या, मग मलेबी दे, गुडघे लय दुखतात, आणि पाकीट कमरेला खोचून घरी गेल्या. मी दुकानात धावले, कॅल्शियमचं पाकीट आणलं, त्या अंघोळीला गेल्यावर त्यांच्या फळीवर बदलून ठेवलं. घरी आल्यावर उरलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि पाणी सोडलं. सहा महिन्यांच्या गोळ्या तीन महिन्यांत संपवल्या मी, अशा.

वर्षावास संपला त्या दिवशी विहारात खीर-पुरी होती. इतक्या महिन्यांनी एक पुरी आणि वाटीभर खीर खाल्ली. संध्याकाळी उजव्या बरगडीखाली कळ उठली. ओलं लुगडं पिळावं तसं पोट पिळत होतं, आणि कळ पाठीतून थेट खांद्यात. बसवेना, निजवेना. बाई धावत आल्या. ओवा दिला, काळं मीठ दिलं, पाठ चोळली. म्हणाल्या, आपुन नजर-गिजर मानत नाही, नाहीतर म्या मिरच्याच उतरवल्या असत्या, एवढी तू बारीक झाली. मी दात आवळून हसले. पंधरा दिवसांत असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा डोळे पिवळट दिसायला लागले तेव्हा नवऱ्यानं गाडी केली आणि खामगाव गाठलं. बाई सोबत होत्याच.

सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. एक बारीक खडा पुढे नळीत उतरून, आपोआप निसटूनही गेला असावा, म्हणून डोळे पिवळे, असं सर्जन म्हणाले. पित्ताची पिशवीच काढावी लागणार होती. त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, आधी कोणतं ऑपरेशन? बाई पायथ्याशी उभ्या. मी म्हटलं, कुटुंबनियोजनाचं, दुर्बिणीचं.

"त्याला पाच छिद्रं?" ते म्हणाले.

मी म्हटलं, डॉक्टर शिकाऊ होता. आता आठवलं तरी मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. त्यावर बाई पुढे आल्या आणि सरळपणानं म्हणाल्या, नाही हो डॉक्टर, हिचं साधं टाक्याचं झालं, मी होते ना तिथं. सर्जननी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि त्यांना फाईल आणायला बाहेर पाठवलं.

दार लागल्यावर मी सगळं ओकले. ते रागावले नाहीत, पण आवाज उतरला त्यांचा. आतली रचना बदललेली आहे, चिकटलेलं असू शकतं, हे मला माहीत नसतं तर मी आंधळेपणानं हात घातला असता, म्हणाले. मग गोळ्यांचं विचारलं. बंद केल्या, मी म्हटलं. का? मी एवढंच म्हटलं की बाहेर सांगू नका. ते म्हणाले, मी नाही सांगणार, पण तुम्ही सांगा.

मी नाही सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होतं. मला सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. बाई बाहेर बाकावर. त्यांनी सकाळी कोरा चहा घेतला, शुगरची गोळी घेतली आणि नवऱ्यानं आणलेला डबा तसाच ठेवला. हिच्या पोटात काही नाही, मी कशी जेवू, म्हणाल्या. बारा वाजून गेल्यावर तर प्रश्नच नव्हता. वर्षावास संपला तरी त्यांनी नेम सोडलेला नव्हता.

मी शुद्धीवर आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं माझंच काही बिघडलं. तो म्हणाला, बाई पडल्या. बाकावरून उठायला गेल्या आणि फरशीवर कोसळल्या, घामानं भिजलेल्या, बोलणं अडखळत होतं, शुगर पार तळाला गेलेली. दवाखान्यातच होत्या म्हणून वाचल्या, हे डॉक्टरांचं वाक्य त्यानं मला दोनदा सांगितलं. घरी एकट्या असत्या तर, हे तो बोलला नाही. मान वळवली तर पलीकडच्या पलंगावर बाई, हाताला ग्लुकोज लावलेलं, कपाळावर टेंगूळ, डोळे मिटलेले. माझ्या पोटात चार ताजी भोकं होती, पण दुखत होतं ते वेगळंच. मी मारलं असतं त्यांना.

सकाळी त्या उठून बसल्या आणि आधी मला विचारलं, तुह्यं बरं हाय ना? मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. संभाजीनगर, जठर, खडूमागचा डबा, तांदळातल्या गोळ्या, बदललेलं पाकीट, सगळं सांगितलं. त्यांच्याकडे न बघता, सलाईनच्या नळीकडे बघत सांगितलं. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या कपाळावरचं टेंगूळ चाचपत म्हणाल्या, "तीन महिने मी संध्याकाळी ताटावरून उठून जाओ. तरी काही उतरलं नाही. मले वाटे, तुह्यं मन साफ हाय म्हणून तुह्यं उतरून राह्यलं. माह्यंच शील कच्चं हाय."



त्या दिवशी त्यांना घरी सोडलं. मला दोन दिवसांनी. घरी आल्यावर त्या रोज भिंतीपलीकडून पेज पाठवायच्या, भांडं परत न्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. भेटायला आलेल्या बायांना नवरा दवाखान्यातून दिलेली बाटली दाखवायचा, आत पंचवीस-तीस खडे, तुरीच्या दाण्याएवढे. बाया हळहळायच्या, एवढी पथ्यानं राहणारी, हिला कसं झालं. बाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. माझी बाजू घेत नव्हत्या, मला उघडंही पाडत नव्हत्या. मला अंथरुणात पडवेना. उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, टाके ओढायचे. बाईंच्या मागून बारानंतरचं जेवण सोडलेल्या त्या दोघी अजून नेम पाळतच होत्या, त्यातल्या एकीला चक्कर येते असं तिची सून सांगून गेली.

ऑपरेशनच्या अकराव्या दिवशी पौर्णिमा होती. नवरा नको म्हणत असताना विहारात गेले. शीलं सुरू झाली. चौथ्याला माझा आवाज निघेना, आणि त्यात माझा नाही म्हणून सगळ्यांचा आवाज एकदम लहान झाला. ते संपल्यावर उभी राहिले. पोटाला हात लावून सांगितलं की मी ऑपरेशन करून बारीक झाले, नेमानं नाही. तुम्ही जेवा. शुगरवाल्यांनी तर आजच जेवा. एक बाई फिसकन हसली. एक म्हातारी उठून पाठमोरी झाली. एकीनं हळूच विचारलं, कोणत्या दवाखान्यात केलं? बाई पुढच्या ओळीत होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, अकरा दिवसांतली पहिली. जेवाले ये. मी गेले. त्यांनी माझ्या ताटात चतकोर भाकर मोडून ठेवली, दोन चमचे भाजी वाढली आणि स्वतःला दीड भाकर घेतली. मी सावकाश, चावून चावून तेवढं संपवलं आणि हात ताटावर आडवा धरून बसले, वीस वर्षांच्या सवयीनं. भाकर काही आली नाही. 'घे वं' म्हटलं नाही त्यांनी.

"बास ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि मला रडू कोसळलं. त्यांनी डाव्या हातानं पाण्याचा गडू माझ्याकडे सरकवला आणि भाजीत भाकर कुस्करून जेवत राहिल्या. साडेसात वाजले होते.