मशीनवर जॉब होता

माझ्या लॅबच्या दारावर एक यादी चिकटवलेली असायची. पहिली ओळ लाल अक्षरांत: सर्व्हर मला विचारल्याशिवाय बंद करू नये. खंडेनवमीच्या सकाळी ती यादी कुणीतरी सोलून काढली, कारण फोटोत वाईट दिसत होती. तिच्या जागी झेंडूचं तोरण लागलं.

मी चाकण रस्त्यावरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. चाळीस कॉम्प्युटर आणि सगळ्यांना मिळून एक मोठा सर्व्हर. त्या दिवशी मी स्टोअरमध्ये सामान मोजत होते. अकराला परत आले आणि दारातच थबकले. लॅबमध्ये शांतता होती. सर्व्हरच्या पंख्यांची घरघर मला चौदा वर्षं इतकी सवयीची झाली आहे, की ती थांबली तरच ऐकू येते.

सर्व्हरच्या कपाटाला हार, हळदकुंकू, पुढे फोडलेला नारळ. विभागप्रमुख प्रसाद वाटत होते.

"सर, सर्व्हर कुणी बंद केला?"

"मीच. पूजा आहे मॅडम, आज यंत्राला विश्रांती. घ्या, खोबरं घ्या."

मी खोबरं घेतलं नाही.

सर्व्हरवर एका विद्यार्थ्याचा हिशोब चालू होता. विद्यार्थी म्हणजे बेचाळीस वर्षांचे गृहस्थ, कारखान्यात पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर. पहिली शिफ्ट करून संध्याकाळी डिप्लोमाला यायचे. प्रेसचा साचा कुठे तडकेल, हे आठ वेगवेगळ्या दाबांवर तपासायचं, हा त्यांचा प्रकल्प. हिशोब सहा दिवसांचा, त्यातला पाचवा दिवस चालू होता. उत्तरं एकदम शेवटीच जतन होणार होती. म्हणजे हाती काहीच उरलं नव्हतं. प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. चुकला तर वर्ष जाणार, आणि सुपरवायझरची जागा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, दुसऱ्याला मिळणार.

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये लाइट गेली म्हणून लिहा. विषय संपला."

"लाइट गेली असती तर सर्व्हर यूपीएसवर चालला असता. यूपीएसपण तुम्हीच बंद केलाय."

"देवाच्या कामात कसला कीस पाडता?"

मी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं: पूजेसाठी विभागप्रमुखांनी सर्व्हर बंद केला, चालू काम नष्ट. घाईत अक्षर वाईट आलं. तसंच राहू दिलं.

ऑपरेटर संध्याकाळी आले. मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. हाराकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, कंपनीत आमी बी बंद करतो की. पण फोरमन आदी सगळ्या लायनीतनं फिरतो. कुणाचा अर्धवट जॉब हाय का मशीनवर, इचारतो. जॉब असंल तर मशीनला हातच लावत न्हाई. जॉब उतरला, की मगच हार."

माझा राग तोपर्यंत नुसता भडका होता. आता त्याला टोक आलं. कारखान्यातली पूजा आमच्या लोकांनी उचलली, हार उचलला, नारळ उचलला. फोरमनची ती एक फेरी तेवढी उचलली नाही.

मी कागद ओढला. आठ दाब, आठ कॉम्प्युटर. प्रत्येकावर एकेक हिशोब. ही मशीन सर्व्हरपेक्षा मंद, पण तीन दिवसांत होण्यासारखं होतं. एरवी प्रॅक्टिकलमुळे अशी आठ मशीन अडवता येत नाहीत, पण पुढचे तीन दिवस प्रॅक्टिकल नव्हती. तिथेच बसून आम्ही हिशोब लावले. दसऱ्याला कॉलेज बंद. मी निगडीच्या घरून किल्ली घेऊन आले, एकेक मशीन तपासून गेले. घरी पुरणाऐवजी विकतचं श्रीखंड झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन दारात उभे. "मॅडम, ही आठ मशीन बंद करून घ्या, स्क्रीनवर कॉलेजचं चित्र लावायचंय."

"जॉब चढलाय," मी म्हटलं आणि दारातून हलले नाही. पाहुण्यांतले एकजण कारखानदार होते. ते हसून म्हणाले, "मग राहू द्या राव, चढलेला जॉब कोण उतरवतं?" सर पाहुण्यांना घेऊन पुढे गेले. माझ्याशी अजून धड बोलत नाहीत.

सातच हिशोब पूर्ण झाले, आठवं मशीन मध्येच अडकलं. ऑपरेटरांनी अहवालात आठवा रकाना कोरा ठेवून कारण खरं लिहिलं. परीक्षकांनी सात उत्तरांवर पास केलं. ऑपरेटर पेढे घेऊन आले तेव्हा मी दोन घेतले.

रजिस्टरच्या त्या पानावर विभागप्रमुखांची सही अजून नाही. दर महिन्याला रजिस्टर सहीला जातं तेव्हा मी ते पान खुणेची पट्टी घालून उघडं ठेवते. दारावरची यादी आता पत्र्यावर रंगवून चार स्क्रूंनी बसवली आहे. तिच्यात एक ओळ वाढवली: हार घालण्याआधी लॅबमधून एक फेरी मारावी.