मागल्या दाराची कडी

कारखान्याच्या कॉलनीत तेव्हा दोन बंगले रिकामे होते. मी मुद्दाम कोपऱ्यावरचा मागून घेतला. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, दारातलं पेरूचं झाड बघून घेतला असेल. खरं कारण वेगळं होतं. मी लहान असताना त्या बंगल्यात माझी आई धुणं धुवायची आणि अंगण झाडायची. आत मात्र तिला कधी घेतलं नाही. धुण्याची बादली मागच्या पायरीवर आणून ठेवलेली असे, कधी शेजारी उरलेली भाजी. आमच्या लेखी तो बंगला म्हणजे ती पायरी. पुढं मी बारामतीला कॉलेज केलं, नव्वद सालानंतर त्याच कारखान्यात अकाउंट्सला अधिकारी म्हणून लागले आणि मनाशी ठरवून टाकलं, की त्या घरात आई पुढच्या दारानं, ताठ मानेनं जाईल.

माझं एवढं एकच मागणं होतं. आईनं तेवढंही पुरं केलं नाही.

पहिल्यांदा ती गावाहून, लासुर्ण्याहून आली त्या दिवशी मी पुढं रांगोळी काढून दारात उभी होते. बराच वेळ कुणी येईना. मग स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज आला. स्वारी मागच्या बोळानं येऊन आत पोचलीसुद्धा होती, आणि चहापत्ती हुडकत होती.

"आई, पुढनं का न्हाय आलीस?"

"आली की. घरातच हाय न्हवं मी?"

त्यानंतर दर खेपेला तेच. शेजारच्या साहेबांच्या बायकोनं तिला बोळातून येताना पाहिलं आणि मला विचारलं, "तुमची बाई कामाला बरी दिसते हो. सकाळी आमच्याकडे येईल का?"

"त्या माझ्या आई आहेत," मी म्हटलं. शेजारच्या बाई ओशाळल्या. पण राग मला त्यांचा आला नाही, आईचा आला. आपण शिकायचं, मुलाखतीत आडनाव ऐकून बदललेले चेहरे मुकाट गिळायचे, आणि हिनं ते सगळं नेऊन मागच्या बोळात ठेवायचं. मी समजावलं, भांडले, अबोला धरला. ती "बरं, बरं" म्हणायची आणि पुन्हा मागून यायची.

शेवटी मी मागच्या दाराला आतून कडी घातली, कडीला कुलूप ठोकलं आणि पुढच्या दाराची किल्ली तिच्या हातात दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली. मला वाटलं, जिंकले एकदाची.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी परतले तर आई मागच्या पायरीवर बसलेली. दुपारच्या एसटीनं आली होती. तोंड उन्हानं काळवंडलेलं, आणि किल्ली पदराच्या गाठीत जशीच्या तशी. माझं डोकंच फिरलं.

"किल्ली दिलीया न्हवं तुला? मोलकरणीवानी हितं बसायची हौसच हाय का?"

ती उठली नाही. पायरीच्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "पुढलं दार मी कवा मागितलं व्हतं? हितं बसून रोज वाटायचं, एकदा तरी ह्या दारातनं आत घ्यावं. तहान लागली तर बाई वरनं वंजळीत पानी वतायची, पर ह्यो उंबरा कवा वलांडू दिला न्हाय. आता लेकीचं घर झालं, तर लेकीनंच कडी घातली."

मला अजूनही वाटतं, तिनं पुढूनच यायला हवं होतं. कॉलनीनं ते बघायला हवं होतं. तो राग गेलेला नाही, फक्त तो कुणावर काढावा ते कळत नाही. त्या संध्याकाळी मी एकटीच पुढच्या दारानं घरात शिरले, सगळं घर ओलांडून मागं गेले आणि कुलूप काढलं. आई पदर सावरून उठली, उंबरा ओलांडून आत आली आणि माठातलं पाणी आपल्या हातानं तांब्यात घेऊन प्यायली.