बिराम एक जागा रिकामी ठेवून निघाला

तांबाकुंडाच्या स्टँडवर मी बावीस वर्षं मिरी घातलेली कॉफी विकते आहे, आणि बिराम थियोर तेवढीच वर्षं ती पिऊन वर नावं ठेवतो आहे. "कुंबा, ही कॉफी आहे की तुझ्या गाईंनी पाय धुतलेलं पाणी?" मी फुलानी जमातीची, तो सेरेर. या दोन जमाती म्हणजे पूर्वापार थट्टेची भावंडं. तोंडाला येईल ते बोलावं, समोरच्यानं रागवायचं नाही, आणि उत्तर मात्र द्यायचंच. "मुकाट्यानं पी, बाजरीच्या पोत्या," मी म्हणते आणि त्याचा कप पुन्हा भरते.

साठी उलटली त्याची. जुनी प्यूजो टॅक्सी, सात उतारू, तांबाकुंडा ते झिगिंशोर, आज जायचं आणि उद्या परत यायचं. गाडीच्या तळाला भोक आहे, त्यातून रस्ता पळताना दिसतो. पाठ गेली, गुडघे गेले, डोळे धुळीनं कायमचे लाल. थकलो म्हणत नाही, पण संध्याकाळी गाडीतून उतरला की दाराला धरून बराच वेळ नुसता उभा राहतो. मला बघवत नाही, मग मी उगाच त्याच्यावर ओरडते.

गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो आधी आडनाव विचारतो. आडनाव कळलं की थट्टेचं नातं निघतं, आणि नसेल निघत तर हा काढतो. पुढचे आठ तास गाडी म्हणजे घर. झिगिंशोरला सगळे आपापली बोचकी उचलतात आणि मागं वळूनही न बघता निघून जातात. एकदा मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" "वाटतं की," तो म्हणाला. "पण तोवर पुढचे सात येऊन बसलेले असतात."

त्याचा एक नियम स्टँडवर सगळ्यांना पाठ आहे. सातवा माणूस आल्याशिवाय चाक हलत नाही. बकरी ईदच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यानं लोकांना तीन तास उन्हात तापत ठेवलं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे निघाले म्हणून त्याच्या गाडीत बसले. पुढे एक जपमाळ ओढणारे म्हातारबाबा. मागच्या बाकावर शिकणाऱ्या दोन मुली. मधे मी आणि माझ्या शेजारी तिजान नावाचा कापडवाला, ज्याला धूळ, खिडकी, सीट, सगळ्याचाच त्रास होता. सहावी आली ती एक तरुण बाई. पाठीला मूल बांधलेलं, त्याच्या डोक्यावरूनही कापड घेतलेलं.

"आडनाव?" बिरामनं विचारलं.

"सांबू. नाफी सांबू."

आमच्याकडे बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. सांबू म्हणजे जोला जमातीची, आणि जोला म्हणजे सेरेरांची पहिल्या नंबरची थट्टेची भावंडं. बिराम खुलला. "अरे देवा! माझी एक गुलाम पळून थेट इथवर आली! काय गं भातखाऊ, गावातला सगळा भात संपवूनच निघालीस का?"

आम्ही हसलो आणि तिच्या उत्तराची वाट बघू लागलो. सेरेरानं डिवचलं आणि जोला बाई गप्प राहिली, हे मी जन्मात पाहिलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "काका, गाडी कधी सुटेल? पोराला दिवस मावळायच्या आत गावी न्यायचंय."

बिरामनं तिच्याकडे पाहिलं, पाठीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग मागचं दार लावलं, येऊन बसला आणि गाडी सुरू केली.

"अहो, एक सीट बाकी आहे!" तिजान म्हणाला.

"तिथं तुमची कुरकुर बसेल. आठ तास पुरेल एवढी आहे."

बिराम म्हातारपणी चळला, असं मला वाटलं.

नाफी माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती, मूल मांडीवर घेऊन. पहिल्याच खड्ड्याला त्याचा पाय कापडातून निसटला आणि माझ्या मनगटाला लागला. खिडकीच्या पत्र्याला हात लावला तर भाजत होता, आणि तो पाय माठाच्या बुडासारखा गार. मी माझी दोन पुरली आहेत. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिला कळलं की मला कळलंय. "मावशी, पहाटे गेला," ती कानाशी म्हणाली. "बाप सोन्याच्या खाणीवर आहे, फोन लागत नाही. इथं परक्यांत कसा ठेवू त्याला? माझ्या वडिलांशेजारी ठेवायचाय."

मी पाय कापडात घेतला आणि "गप्प बस" म्हणाले, दटावल्यासारखं. मयताला वेगळी गाडी लागते, कागद लागतात. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. उतारूंना कळलं असतं तर त्यांनी आरडाओरडा केला असता, आणि बिरामला तिला रस्त्याच्या कडेला उतरवावं लागलं असतं. मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती तिजानची.

"पोर फार शहाणं आहे," वेलिंगाराच्या पुढे तो म्हणालाच. "रडत नाही."

"आजारी आहे," मी म्हणाले. "झोपू द्या."

त्यानं पायाशी ठेवलेल्या गठ्ठ्यातून नवंकोरं कापड ओढलं आणि माझ्या हातात कोंबलं. "खिडकीतून ऊन येतंय त्याच्यावर. लावा हे." मला वाटलं, शेखी मिरवतोय.

बिराम त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलत होता. मला गुरंचोर म्हणाला, माझ्या आज्याला गुरंचोर म्हणाला. मीही परत शिव्या देत होते. आमची थट्टा इतकी जड कधीच झाली नव्हती. कोल्ड्याला तो जेवायला थांबला, तर म्हातारबाबा म्हणाले, भूक नाही. मुलीही म्हणाल्या, भूक नाही. "मग मलाही नाही," बिराम म्हणाला आणि आम्ही तसेच पुढे निघालो. देवानंच डोळे झाकलेत सगळ्यांचे, असं मी मनात म्हणाले.

पुढे नाक्यावर शिपायानं गाडी थांबवली. तरणा पोरगा होता, कामाला चोख. त्यानं खिडकीतून आत वाकून विचारलं, "मूल कुणाचं?"

"माझं," नाफी म्हणाली.

"मुलं पळवल्याच्या तक्रारी आहेत. तोंड दाखव. उठव त्याला."

नाफीनं मूल छातीशी घट्ट धरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गाडीतले सगळे एकदम बोलू लागले.

"रात्रभर तापानं फणफणलं होतं लेकरू," म्हातारबाबा मागं वळून म्हणाले, "आत्ता कुठं डोळा लागलाय."

"मघापर्यंत आमच्याकडे खेळत होता," मागच्या मुली म्हणाल्या.

आणि तिजान तर ओरडलाच, "अहो साहेब, सगळा रस्ता केकाटत होतं! डोकं उठवलं माझं! आता उठवलंत तर तुम्हीच घेऊन बसा!"

बिराम समोर बघत होता, दोन्ही हात चाकावर घट्ट. शिपायानं आमचे चेहरे एकेक करून पाहिले. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. खिडकीवरचा हात काढून तो म्हणाला, "जा. सावकाश जा."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मागच्या मुली दबक्या आवाजात रडत होत्या. नाफीनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि तिला झोप लागली. मी तशीच बसून राहिले, खांदा बधिर होईस्तोवर.

नाफीच्या गावात पोचलो तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. नाफीच्या चुलत्यानं मूल घेतलं, बायकांनी तिला आत नेलं. जनाज्याच्या नमाजाला आमचे पुरुषही रांगेत उभे राहिले. तिजानचा भारी झगा मातीत लोळत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं. मग लोकांनी आग्रहानं दोन घास भात खायला लावला, आणि आम्ही निघालो.

डांबरी रस्त्याला लागल्यावर तिजाननं विचारलं, "पोराचं नाव काय होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. दिवसभर आम्ही त्याच्यासाठी खोटं बोललो, त्याच्यासाठी उपाशी राहिलो, आणि नाव विचारायचं एकालाही सुचलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

बिरामनं गाडी बाजूला घेतली आणि वळवली.

"अंधार पडेल," म्हातारबाबा म्हणाले.

"पडू दे."

तो लंगडत नाफीच्या दारापर्यंत गेला. बऱ्याच वेळानं आला, जागेवर बसला, पण चावी काही फिरवेना.

"बाकारी," तो म्हणाला. "बाकारी दियात्ता. पावणेदोन वर्षांचा. नुकताच पळायला लागला होता."

गाडीतल्या प्रत्येकानं ते नाव एकेकदा म्हटलं. मग बिरामनं गाडी सुरू केली.