सांगून बघितलं, वहिनी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं माझ्या आयुष्यात बोलण्याचं काही कमी पडलं नाही — बारसं असो, उद्घाटन असो, दहावा असो, माईक दिसला की आमचा घसा आपोआप साफ होतो. पण हे एवढं मात्र आत राहिलं. आता सांगतोय तेही उशिरा, कळतंय मला. ज्यांना सांगून काही उपयोग होता ती दोन्ही माणसं गेली.

मी आमदार होतो. नेसरीच्या बाजूचा. मारुती माझा शाळेपासूनचा मित्र, आणि नंतर माझा कार्यकर्ता. आमच्याकडे कार्यकर्ते नेत्यासाठी पण करतात, शपथच म्हणा — निवडून येईपर्यंत दाढी करणार नाही, चप्पल घालणार नाही. बाहेरच्यांना हसू येतं. आमच्याकडे अशा माणसाला गावात मान असतो. पहिली निवडणूक मी हरलो, तेव्हा मतमोजणीच्या केंद्राबाहेर मारुतीनं पायातल्या चपला काढून गटारात फेकल्या. "ह्यो आमदार झाल्याबिगर पायात चप्पल घालणार न्हाई!" — असा ओरडला की पोलीससुद्धा वळून बघायला लागले.

पुढच्या वेळी गुलाल आमचा. मिरवणुकीत मी स्वतः त्याच्या पायात कोल्हापुरी घातल्या, नव्या, करकर वाजणाऱ्या. चौकातल्या स्टेजपर्यंत तो त्या घालून चालला. स्टेजवर माईक हातात आला आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक — परत काढल्या. "आता ह्यो मंत्री झाल्यावर!" शिट्ट्या, हलगी, नुसता दंगा. मीही हसलो. तिथंच त्याचा कान धरायला नको होता का मी? नाही धरला. त्याच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी, त्या चपला घरी नेऊन कपाटावर ठेवल्या.

खरं सांगू? मला तो अनवाणीच आवडायचा. सभेत मी त्याला उभा करायचो. "पाय दाखव रे मारुती!" तो भेगाळलेले पाय दाखवायचा, लोक टाळ्या वाजवायचे. मुंबईला पक्षाच्या बैठकीत मी त्याचीच गोष्ट सांगायचो — बघा, असे कार्यकर्ते आहेत माझे, आता माझ्या मंत्रिपदाचं तुम्ही बघा.

मग त्याला शुगर निघाली. त्यात ऊस तोडलेल्या रानात बुडखा पायात घुसला आणि जखम भरेना. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अनवाणी फिरलात तर पाय जाईल. हा ऐकेना. तेव्हा वहिनी माझ्या ऑफिसात आल्या, माणसांच्या गर्दीत पदर सावरत उभ्या राहिल्या.

"भावजी, माझं न्हाई ऐकत, डॉक्टरचं न्हाई ऐकत. तुमच्यासाठनं काढल्यात न्हवं? मग तुम्हीच घाला म्हणा की. तुमच्या शब्दाभायेर न्हाईत त्ये."

उद्याच जातो म्हणालो.

गेलोही. एवढं खरं आहे. वहिनी डेअरीत दूध घालायला गेल्या होत्या. बाहेरच्या सोप्यात आम्ही दोघंच. त्याचा पाय पाटावर, फडक्यात गुंडाळलेला. वास येत होता. कपाटावरच्या चपला मला बसल्या जागेवरून दिसत होत्या. वाक्य ओठावर होतं — मारुती, बास झालं आता, घाल. तेवढ्यात त्यानंच विचारलं, "आमदार, मंत्रिपदाचं काय मग?"

आणि मी म्हणालो, "विस्तार होणार म्हणतात. आपलं नाव आहे चर्चेत."

"मग काय तर! एवढं काढलं, आता थोडक्यासाठी कशाला मोडायचं?"

नाव चर्चेत होतं का? होतं की — माझ्याच माणसांनी चालवलेल्या चर्चेत. मी चहा संपवला आणि उठलो.

का नाही बोललो? त्याचा पण मोडला आणि त्यापायी माझं मंत्रिपद हुकलं तर, असं वाटलं. एलएलबी झालेला माणूस मी, तरी वाटलं. आणि चप्पल घातलेला मारुती सभेत काय कामाचा — हेही वाटलं. दोन्हीतलं जास्त कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाही. ठरवून तरी काय फरक पडणार आहे?

गावाबाहेर पडण्याआधीच वहिनी समोरून आल्या, हातात रिकामी किटली. गाडी थांबवावी लागली. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि मी —

"सांगून बघितलं, वहिनी. हात जोडले. नाही ऐकत तो."

किती सहज आलं तोंडातून! भाषणासारखं.

"तुमचंबी न्हाई?" एवढंच म्हणाल्या.

त्यांनी घरी जाऊन त्याला एका शब्दानं विचारलं असतं तर मी तिथंच उघडा पडलो असतो. कितीतरी दिवस मला तीच धास्ती होती. पण वहिनींनी विचारलं नाही. त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

कोल्हापूरला नेऊन पाय काढावा लागला. तोवर विष वर चढलं होतं. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "ही बोलत न्हाई माझ्यासंगं. भरवती, पुसती, समदं करती, पर शब्द न्हाई. मी काय केलं रं?"

मला ठाऊक होतं ना, काय झालंय ते? साऱ्या जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दमल्यात त्या. होईल नीट."

नीट झालं नाही. तो गेला, आणि वहिनी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

रक्षाविसर्जनाला नदीकाठी सगळा गाव होता. नैवेद्य मांडला — भजी, चहाचा कप, पान. बाजूला वहिनींनी त्या कोल्हापुरी ठेवल्या, दोन्ही पायांच्या. कावळा शिवेना. म्हातारी माणसं माझ्याकडे वळली. "आमदार, तुमच्यात जीव अडकलाय त्येचा. कायतरी बोला."

हीच वेळ होती. मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मारुती, तुला सांगत होतो रे, का ऐकलं नाहीस?" बायका हुंदके द्यायला लागल्या. मीही रडलो, खरं रडलो — त्या रडण्याचं काय करायचं, मला कळत नाही. तेवढ्यात कावळा उतरला. लोकांना वाटलं, माझ्या शब्दाला आला. त्याला भजी हवी होती.

पुढची निवडणूक मी मारुतीच्या गोष्टीवर जिंकली. त्याच्या पुढची हरलो. मंत्रिपद कधी आलंच नाही.

वहिनींनी घरात त्याचा फोटो लावला नाही. दरवर्षी श्राद्धाला जायचो, बोलायचं ठरवून जायचो. भिंत मोकळी दिसायची. "न्हाई लावत," म्हणायच्या, "तुमचं ऐकलं न्हाई, तिथं मी कोण त्यास्नी?" ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्यावरचा हा राग मी त्यांच्या मनात घातला होता, आणि एका वाक्यात काढू शकत होतो. जेवून परत यायचो.

यंदा त्या आजारी पडल्या. भेटायला गेलो, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आवाज खोल गेला होता. म्हणाल्या, "वर गेल्यावर पयलं भांडणार हाय त्यांच्यासंगं. भावजींनी हात जोडलं, तरी का न्हाई ऐकलं, इचारणार हाय."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "विचारा," म्हणालो.

त्या गेल्या. मारुतीला त्यांचा प्रश्न कळायचाही नाही. चप्पल घाल, असं मी त्याला कधी म्हटलंच नव्हतं.