सतरा नंबरची हजेरी

घरून सही करून आणलेले चाचणीचे पेपर गोळा केले, तर सदतीस. रजिस्टरमध्ये हजर अडतीस. मी वर बघितलं आणि पहिल्यांदाच डोकी मोजली. सदतीस!

लीव्ह व्हेकन्सी म्हणजे सुट्टीवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी काही महिने दुसरी. भोपाळमधल्या मुलींच्या एका शाळेत मी अशी तीन महिन्यांसाठी गणित शिकवायला गेले होते. नववी ब, चौथा दिवस. हजेरी घाईत घेतली होती. खाली मान घालून नंबर पुकारत गेले आणि ‘प्रेझेंट मॅम’ ऐकलं की पी लिहिलं. कायमच्या बाईंना आवाज ओळखू येतात. मला कुठले येणार?

पेपर नव्हता तो सतरा नंबरचा. गौरी. आदल्या दिवशी मी सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचले होते. हिला चाळीसपैकी चार. वर ‘उद्या वडिलांची सही हवी’ असं ठणकावलंही होतं.

“गौरी कहाँ है?”

सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. मी मुळातच तापट. टेबलावर हात आपटायला उचललाही होता. कसाबसा गिळला राग.

“देखो, मैं तीन महीने की मेहमान हूँ. तुम्हें सज़ा देकर मुझे क्या मिलेगा? बस इतना बता दो, वो ठीक है ना?”

शेवटच्या बाकावरची निकिता रडायलाच लागली. “मॅम, प्रेझेंट मैंने बोला था. वो आई ही नहीं. हबीबगंज स्टेशन गई है. इटारसी जाएगी, नानी के पास. कह रही थी, साइन माँगूँगी तो पापा मारेंगे.”

शेजारच्या वर्गातल्या बाईंना लक्ष ठेवायला सांगून मी रजिस्टर घेऊन धावले. प्रिन्सिपल मॅडम शांतपणे म्हणाल्या, “रजिस्टर में तो प्रेझेंट है. पहले कॅम्पस देख लीजिए. हल्ला मत कीजिए.”

“मॅडम, वो स्कूल में है ही नहीं. स्टेशन पर है. हाज़िरी मैंने गलत लगाई.”

“ये आप लिखकर देंगी?”

म्हणजे नोकरी गेली, हे मला कळलं. मुदत संपल्यावर तिथेच कायम होण्याची आशा होती, खोटं कशाला बोलू? पण शाळेत बसून शोधाशोध करायची आणि तिकडे गाडी सुटायची! हजेरीपटात खाडाखोड करायची नसते, ही आमची पहिली शिकवण. मी त्यांच्यासमोर लाल पेनाने पी खोडलं, ए लिहिलं, सही केली, वेळ टाकली.

“लिख दिया. अब मम्मी को फोन लगाइए. पापा को नहीं.”

गौरीची आई बिट्टन मार्केटमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला. ती रिक्षाने स्टेशनकडे निघाली. मी फोनपाशी उभी. पाऊण तास! माझी जीभ त्या दिवशी छाटून टाकावीशी वाटली मला. काय गरज होती मार्क वाचायची?

अखेर फोन वाजला. “मिल गई, मॅडम. बेंच पर बैठी थी. गाड़ी लेट है.”

रेल्वेच्या उशिराला जन्मभर शिव्या घातल्या मी. त्या दिवशी मात्र हात जोडले.

आईनेच पेपरवर सही केली. दुसऱ्या दिवशी गौरी आली, तिला मी मधल्या सुट्टीत शेजारी बसवून पेपर समजावला. मला मात्र मेमो मिळाला, म्हणजे लेखी ताकीद: ‘हजेरीपटात खाडाखोड.’ तीन महिने संपले, पुढे बोलावणं आलं नाही.

तेव्हापासून आधी डोकी मोजते, मग नावं, तीही चेहरे बघून. मार्क ज्याचे त्याच्या हातात.

पुढे भोपाळमधल्याच कोटरा सुल्तानाबाद भागातल्या एका शाळेत मुलाखतीला गेले, तेव्हा फाइलीत तो मेमो मीच वर ठेवला होता. तिथल्या प्रिन्सिपल बाईंनी विचारलं, “ये क्यों लगाया है?” मी सगळं सांगितलं. त्यांनी मेमो दोनदा वाचला.

“सोमवार से आ सकेंगी?”

लीव्ह व्हेकन्सीवरच्या शिक्षिकेला शिफारसपत्र कोण देतं? माझ्याकडे हे एक आहे.